रडतोंड्या

झडीच्या दिवसात एकोणीस पोट्टे एका खोलीत दिवसभर सांभाळून दाखवा, मग मला चिडकी म्हणा. मुकुटबनकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, आणि तिथल्या अंगणवाडीत मी सेविका. जन्मभर तेच केलं. लेकरांना बसायला शिकवलं, खिचडी खाऊ घातली, वजनं केली, नाकं पुसली, आणि ज्यांची नाकं पुसली त्यांच्या लेकरांचीही पुसली. माझ्या तोंडाला सारं गाव भ्यायचं. पण ज्या दिवशी ते तोंड उघडायला पाहिजे होतं त्या दिवशी मी ते बंद ठेवलं. दुसऱ्यांनी दगा दिला तो दिलाच, त्यांना मी अजून मनातल्या मनात शिव्या घालते. पण त्या दिवसाची गोष्ट निघाली की पहिला राग मला माझाच येतो.

ती कापसाची वाईट सालं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्यासाठी एकदाही नाही. गावात जीप शिरली की लेकरं तिच्यामागं पळायची आणि मोठी माणसं घरात शिरायची. कोणी विचारायला यायचं, कोणी लिहून न्यायला, कोणी फोटो काढायला. नेलेल्या फोटोंचं पुढं काय करायचे देव जाणे, आम्हाला त्यातलं काही दिसायचं नाही.

त्या दिवशी झडीचा तिसरा दिवस होता. झड म्हणजे धो-धो पाऊस नव्हे. वरून कोणी चाळणी धरून बसल्यासारखा बारीक बारीक, पण न थांबणारा. दोन दिवसांत गवतानं कापसाची पऱ्हाटी झाकून टाकली होती. सकाळी जरा उघडलं तशा बाया लेकरं माझ्या दारात टाकून, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, नाल्यापलीकडं निंदायला पळाल्या. दहा वाजता पुन्हा धरलं. अकराला नाला भरून वाहायला लागला. बाया तिकडे अडकल्या, लेकरं इकडे माझ्याकडे. लाईन तर झडीच्या पहिल्याच दिवशी गेली होती.

खोली केवढी, तर दहा बाय बारा. एका कोपऱ्यात गळतं म्हणून तिथं घमेलं ठेवलेलं. खिडकीतून वाऱ्यानं पाणी आत यायचं म्हणून ती मेणकापडानं बंद. उजेड काय तो दारातून. मदतनीस मावशी मागच्या पडवीत चुलीवर खिचडी शिजवत होती आणि ओलं लाकूड पेटत नाही म्हणून त्या लाकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. लेकरांचे ओले फ्रॉक, चड्ड्या त्याच चुलीशेजारी दोरीवर टाकल्या होत्या. ज्यांचे कपडे काढले त्यांना मी माझ्या जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले.

त्या एकोणिसांत एक पोरगी होती, सव्वाचार वर्षांची. बाकीची अठराही माझीच, पण हिच्यावर माझा जीव जरा जास्त होता, उगाच खोटं कशाला बोलू? आमच्याकडे प्रत्येक लेकराच्या वजनाचा तक्ता असतो. तिची रेघ वर्षभर खालच्या लाल पट्ट्यात सरपटत होती. मी तिला रोज माझ्या घरच्या कोंबडीचं एक अंडं आणायची, आणि पदराआड धरून आणायची, नाहीतर बाकीच्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या आषाढात पहिल्यांदा रेघ लाल पट्ट्यातून निघून पिवळ्या पट्ट्यात आली. बोटभरच वर. तो तक्ता मी माझ्या नवऱ्यालासुद्धा दाखवला होता. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण "वा वा" म्हणाला.

तर दुपारपर्यंत मी सगळं करून पाहिलं. चिंचोके खेळून झाले, भेंडीचे ठसे मारून झाले, जेवलेल्या ताटल्या वाजवून झाल्या. मी माकड झाले, म्हैस झाले, मावशीचा नवरा झाले. तरी एक रडायला लागलं की दुसरं, दुसरं लागलं की तिसरं. "माय पायजे, माय पायजे." पडवीतून मावशी ओरडली, "बाई, पोट्टे आता आपल्याले खाऊन राह्यले. काहीतरी कर वं!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "रडायचंच आहे ना? मग चांगलं रडा. सगळे भिंतीले टेकून बसा. तोंड असं करा." आणि ओठ खाली पाडून, भुवया वर नेऊन मी रडकं तोंड करून दाखवलं. "एकानं मधात उभं राहून हसवायचं. जो हसला तो बाद. शेवटपर्यंत जो रडतोंड्या राहील त्याले बिस्कुट."

खेळ असा जमला म्हणता! मधला पोट्टा नाचायचा, पडायचा, कुल्ले हलवायचा, आणि भिंतीशी बसलेली सगळी सुतकी तोंडं करून त्याच्याकडे बघायची. मग एकाला फुसकन् हसू फुटायचं की सारी खोली खदखदायची. माय पाहिजे होती ते विसरूनच गेले. आणि ती पोरगी! ती काही केल्या हसायची नाही. खांद्यावरून लुगड्याचा तुकडा घसरलेला, पुढं रिकामी ताटली, ओठ खाली, डोळे मोठे. तिनं तीनदा खेळ जिंकला, तीन बिस्किटं खाल्ली. मी विचारलं, "काहून वं, तुले हसू येतच नाई का?" ती म्हणाली, "येते ना बाई. पोटात ठेवतो."

तेवढ्यात जीप आली.

एक बाई उतरली, पस्तिशीची, गळ्यात कॅमेरा, पायात गुडघ्यापर्यंत बूट. बरोबर फक्त ड्रायव्हर. त्यांना नाल्यापलीकडच्या वस्तीत जायचं होतं. तिथल्या एका घरातल्या माणसानं महिन्याभरापूर्वी जीव दिला होता, त्याच्या लेकरांचे फोटो पाहिजे होते. नाल्याला पाणी पाहून जीप मागं फिरली. "थोडा वेळ इथे थांबू का हो ताई?" असं इतक्या गोड आवाजात विचारलं की मी माझी खुर्ची पुसून दिली. ती खुर्चीवर बसली नाही. खाली लेकरांत बसली. मावशीनं तिला ताटलीत खिचडी दिली, ती तिनं बोटं चाटून खाल्ली. चुलीजवळ हात शेकत उभी राहिली तेव्हा डोक्यावर सुकत असलेला त्या पोरीचा फ्रॉक तिनंच बाजूला सारला आणि "केवढासा आहे!" म्हणाली. हे मी मुद्दाम सांगते आहे. फ्रॉक तिनं पाहिला होता, हातात धरला होता.

मग तिनं खेळ काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. ती स्वतः मधात उभी राहिली आणि हत्तीसारखी सोंड हलवत नाचली. मी तर भिंतीला धरून हसले. सगळी बाद झाली, ती पोरगी तेवढी राहिली. बाई म्हणाली, "अजून एकदा खेळू या?" आणि या वेळी कॅमेरा हातात घेतला. मला वाटलं, बिचारीला आवड आहे. पोरीला दाराजवळ, उजेडाकडं तोंड करून मीच बसवलं. होय, मीच.

निघताना तिनं वही काढली. "हिचे बाबा काय करतात?"

मी म्हटलं, "वणीकडे कोळशाच्या गाड्या भरायले जातात. शनवारी घरी येतात. आता याच शनवारी येतीन पाहा." तिनं ते माझ्या डोळ्यांदेखत लिहून घेतलं. माझा हात हातात घेतला, म्हणाली, "किती छान सांभाळता हो तुम्ही मुलांना." मी त्या शब्दांवर पुढं आठ-नऊ दिवस फुगून फिरत होते. मावशीला तर रोज ऐकवायची.

नवव्या की दहाव्या दिवशी माझा नवरा मुकुटबनच्या बाजारातून पेपर घेऊन आला. "तुह्या अंगणवाडीचा फोटो आला," म्हणाला. मी हात पुसत पळाले. खरंच, माझी पोरगी! अर्ध्या पानावर! एवढे मोठे डोळे, ओठ खाली, खांदा उघडा, पुढं रिकामी ताटली, मागं काळाकुट्ट अंधार. माझा जीव सुपाएवढा झाला. मग मी खालच्या ओळी वाचल्या. बाप गेलेली, अंगात कपडा नाही, ताटलीत घास नाही, पावसाकडं बघत बसलेली कापसाच्या मुलखातली लेक. असंच काहीतरी होतं, फार सुंदर भाषेत.

मी पुन्हा वाचलं. नवऱ्याला वाचायला लावलं. कुठं चुकून दुसऱ्या फोटोखालचं इथं लागलं का म्हणून सगळं पान पाहिलं. दुसरा फोटो नव्हता. ज्या ताटलीत त्या बयेनं स्वतः खिचडी खाल्ली त्या ताटल्या उपाशी झाल्या होत्या. ज्या घरी जायचं होतं तिथं नाला आडवा आला, म्हणून ही माझ्या घरातून लेकरू उचलून घेऊन गेली, आणि जाताना त्याचा बाप मारून गेली. लबाड कुठली!

तो शनिवार होता. पोरीचा बाप वणीहून आला होता, ओसरीत भाकरी आणि अंबाडीची भाजी खात बसला होता. आणि पांढरकवड्याकडून त्याची बहीण आली. तिकडे कोणीतरी तिला पेपर दाखवला होता. फोटोतली भाची तिनं ओळखली आणि खालचं कोणीतरी वाचून दाखवलं. ती बाई फाट्यापासून गाऱ्या-चिखलातून चालत, गावात शिरल्यापासून छाती बडवत, "माह्या भावा रे" करत गल्लीत आली. गल्ली गोळा झाली. दार लोटलं तर भाऊ हातात घास घेऊन उभा. तिनं आधी एक किंकाळी फोडली, मग हातातली ओली पिशवी त्याच्या डोक्यात हाणली, मग त्याच्या गळ्यात पडून दुप्पट जोरानं रडली.

लोक हसले. हसतीलच. कावळा अंगाला शिवला की आमच्याकडे जवळच्या माणसांना मुद्दाम मरणाचा खोटा निरोप धाडतात, ते रडले की संकट टळतं म्हणतात. तसं कोणीतरी ओरडलं, "काहून रे, कावळा शिवलता का तुले?" बाप बिचारा खाली मान घालून हसत होता. हसली नाही फक्त पोरीची माय. तिनं नणंदेच्या हातातला पेपर घेतला, पदरानं पुसला आणि सरळ माझ्या दारी आली.

"बाई, हे काय हाये?"

मी म्हटलं, "मी असं नाई सांगतलं वं. माह्या लेकरांची आण."

"फोटो कुठी काढला?"

"अंगणवाडीत."

"लेकराले उघडं कोनं बसवलं?"

"फ्रॉक ओला होता, माय. चुलीपाशी वाळत होता."

"मी तुमच्या भरोशावर लेकरू टाकलं होतं." इथपर्यंत ती मला 'तुम्ही' म्हणत होती. मग तिचा आवाज फाटला. "माह्या कपाळाचं कुकू पुसलं तुनं! जितं माणूस मारलं! चार गावांत मले रांड करून टाकलं तुनं, आणि बिस्कुट देऊन माह्या पोरीले रडवलं!"

ती गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद झाली.

खात्याकडून मला पत्र आलं ते वेगळंच. लेकरं अंधारात का, ताटल्या रिकाम्या का, याचा लेखी खुलासा द्या. मी तीन पानी खुलासा दिला. त्यात खेळसुद्धा समजावून लिहिला. पर्यवेक्षिका वाचून म्हणाली, "बाई, असं नका लिहू, लोक हसतील. लाईन नव्हती एवढंच लिहा."

त्या कॅमेरेवालीनं जाताना नंबर दिला होता. मुकुटबनच्या एसटीडीवरून फोन लावला. मी ओळख देताच ती इतकी खूश झाली की मी क्षणभर शिवी विसरले. मग मी सुटले. ती शांतपणे म्हणाली, "अहो ताई, फोटोखालचं मी लिहीत नाही. ते ऑफिसात लिहितात."

"मग वहीत कायले लिहून घेतलं होतं?"

"तुम्ही रागावू नका. त्या फोटोनं किती लोक हलले माहिती आहे? आता बघा, तुमच्या गावाला मदत येईल." आणि तिनं फोन ठेवला.

पोरगी मायबरोबर वावरात जायला लागली. बांधावरच्या पळसाखाली मेणकापड अंथरून माय तिला बसवायची आणि निंदायला लागायची. दिवसभर ओलीत बसून एका भाकरीच्या चतकोरावर. वजनाच्या दिवशी मी काटा आणि झोळी घेऊन तिच्या घरी गेले, मायनं दार उघडलं नाही. अंडं घेऊन गेले, तर ते उंबऱ्यावर तसंच ठेवलेलं संध्याकाळी मलाच परत दिसलं. तक्त्यावर तिची रेघ थांबली होती. पुढं कोरा कागद. ती रेघ आता कुठं खाली चालली असेल ते मला तक्त्याशिवाय कळत होतं.

एकदा रस्त्यात दिसली, मायच्या मागं मागं, डोक्यावर पोत्याची खोळ. गालाची हाडं वर आली होती. मला पाहिलं तशी ती थांबली, आणि मायची पाठ वळलेली बघून तिनं ओठ खाली पाडले, भुवया वर नेल्या. रडतोंड्या. मला हसवायला. मी हसावं म्हणून वाट बघत उभी. मला हसू आलं नाही, मला रडू आलं, आणि तिला वाटलं मी पण खेळते आहे. ती खुशीत मान हलवून पळाली.

मदत खरंच आली. पोळ्यानंतर ग्रामपंचायतीत कुठल्याशा शहरातल्या मंडळाचं पत्र आलं. फोटोतल्या त्या पोरीच्या विधवा आईला शिलाई मशीन द्यायचं आहे. कार्यक्रम त्याच अंगणवाडीत, शनिवारी. पत्र वाचून माझं टाळकं फिरलं. मी ठरवलं, येऊ दे त्यांना. सगळ्यांसमोर बाप हाताला धरून उभा करते आणि त्या पेपराचं पितळ उघडं पाडते. खुलासा मागतात काय? हा घ्या खुलासा.

शनिवारी सकाळी, पुन्हा तशीच झड, आणि पोरीची माय माझ्या दारात. दीड महिन्यात पहिल्यांदा. मला वाटलं, भांडायला आली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, आज ते लोकं येऊन राह्यले."

"येऊ दे. मी सांगतो त्याईले खरं काय ते."

"नोका सांगू."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ कोरं होतं. पुसलेलं. जिथं रोज रुपयाएवढं कुंकू असायचं तिथली कातडी बाकीच्या कपाळापेक्षा गोरी दिसत होती. गळ्यात मंगळसूत्राची पोत नव्हती, पोलक्यात सरकवली होती, तिचा धागा मानेपाशी दिसत होता. याच कुंकवासाठी ही बाई माझ्या अंगावर धावून आली होती.

"अवं, तुह्या कपाळाले..."

"दोन घंट्याची गोष्ट हाये, बाई." तिचे डोळे कोरडे होते. "मले पोलके शिवता येते, मायेरी शिकली मी. मशीन आली तं मी घरी बसून शिवीन. लेकराले गाऱ्यात न्यायचं काम नाई पडनार. उद्यापासून पोरगी धाडतो तुमच्याकडे. रोज धाडतो. अंडं चारा, वजन करा, काय करायचं ते करा. फक्त आज तोंड उघडू नका."

मला तिची चीड आली. किळसही आली, खरं सांगते. दीड महिना मला चोर ठरवलं, आणि आज मलाच चोरीत भागीदार करायला आली! मी म्हटलं, "आणि पोरीचा बाप? त्याले काय सांगतलं?"

"त्याईले ठाऊक हाये," ती म्हणाली, आणि गेली.

पाच जण आले. छत्र्या, हार, मशीन, पोरीसाठी नवा गुलाबी फ्रॉक, आणि एक कॅमेरेवाला. ती पहिली बया नव्हती. अंगणवाडी लेकरांनी भरलेली. कॅमेरा वर झाला मात्र, आणि भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या पोट्ट्यांनी एकदम ओठ खाली पाडले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, कॅमेरा आला म्हणजे तोच खेळ, आणि शेवटी बिस्किट. मंडळातली एक बाई तोंडावर पदर धरून हळहळली, "अरे देवा, किती उदास मुलं." मी ओरडले, "हसा रे! हसा, मी सांगतो ना!" कोणी हसलं नाही. हसला तो बाद, हे मीच शिकवलं होतं.

मायला मशीनजवळ उभं केलं. पोरीला नवा फ्रॉक घालून पुढं. पोरीचा बाप दाराशी उभा होता, धुतलेला शर्ट घालून, लेकीकडं बघत. कॅमेरेवाला म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. कोण तुम्ही?"

बापानं मायकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मी फक्त एक शब्द बोलायला पाहिजे होता. मी गावातली सगळ्यात तोंडाळ बाई. मला त्या कोऱ्या तक्त्यावरची थांबलेली रेघ दिसली, आणि मी गप्प बसले.

"मी शेजारी आहो," तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन वळचणीखाली उभा राहिला. वळचण अरुंद, अर्धा भिजत होता. तिथून त्याला गुलाबी फ्रॉकातली लेक दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या अंगावर कोरा फ्रॉक पाहिला त्यानं. त्याला हसू आलं. कोणत्याही बापाला आलं असतं. ती त्याच्याकडेच बघत होती, सरळ. आणि तिनं ओठ खाली पाडले, भुवया वर नेल्या, आणि हसू पोटात ठेवलं. कॅमेरा दोनदा वाजला.

हार झाले, भाषण झालं, छत्र्या उघडल्या, लोक जीपकडं निघाले. माय मशीनवर हात ठेवून उभी होती, माझ्याकडे बघायचं टाळत. पोरगी माझ्यापाशी आली आणि तिनं तळहात पुढं केला.

"बाई, मी नाई हसली. बाबा हसला तरी नाई हसली."

मी कपाट उघडलं. एक नाही, दोन बिस्किटं दिली. तिनं एक तोंडात घातलं, एक मुठीत धरलं आणि दाराकडं बघत हळूच विचारलं, "आता त्याले बाबा म्हनू?"

"म्हन," मी म्हटलं. "म्हन वं माय, जोरानं म्हन."

तिनं बाबा म्हटलं नाही. जीप चालू होत होती, चिखलात चाक घसरत होतं. पोरगी दारात उभी राहिली, बिस्किट चावत. वळचणीखाली हातभर अंतरावर तिचा बाप उभा होता. जीप वळणापलीकडं गेली, तिचा आवाज पुरता बंद झाला, तोवर ती त्याच्याकडे न बघता तशीच उभी होती.